शहाण्णववरून पुढे किती?

पत्र: वय ४३. गोल्फ ३८व्या वर्षी सुरू केला. पहिल्या वर्षात अठरा होलना ११८ फटक्यांवरून १०१ वर आलो, दुसऱ्या वर्षी ९६ वर. त्यानंतर तीन वर्षं तिथेच आहे. बहुतेक कार्डं ९३ ते १०१ मधली, हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कमी तेवढा चांगला) १८.४. गेल्या महिन्यात ८८ झाले तेव्हा वाटलं, जमलं एकदाचं. पुढच्याच आठवड्यात १०२. दर रविवारी राउंड, तो सोडून आठवड्याला तीन तास मिळतात, ते रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जातात, आणि निम्म्याहून जास्त चेंडू ड्रायव्हर या सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने (काठीने) मारतो. प्रशिक्षक म्हणतात, स्विंग मुळापासून बदलू. सोबतचे म्हणतात, आता मजेसाठी खेळ. पण लॅरी नेल्सन एकविसाव्या वर्षी खेळू लागला आणि तीन मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकला. मग मला दोन वर्षांत एक अंकी हँडिकॅप का जमू नये? माझ्यासारखा माणूस किती सुधारू शकतो, ते खरं खरं सांगा. — अडकलेला

उत्तर: नमस्कार. खरं विचारलंत, म्हणून आडवळण न घेता आकडाच सांगतो. तीन तास नीट वापरलेत आणि पाठ-गुडघ्यांनी साथ दिली, तर दोन वर्षांत तुमचं नेहमीचं कार्ड ८९-९० चं होईल आणि हँडिकॅप १३-१४ वर येईल. एक अंकी दोन वर्षांत होणार नाही. पाच-सहा वर्षांत होऊ शकतो, पण त्यासाठी आठवड्याचे तास वाढवावे लागतील, आणि ते वाढवायचे की नाहीत हा गोल्फपेक्षा घराचा प्रश्न आहे.

हा अंदाज माझा आहे, कुठल्या सूत्रातून आलेला नाही. तुमच्यासारख्या खेळाडूंची कार्डं पाहून बनलेलं मत म्हणून घ्या. आणि १३-१४ ऐकून तोंड वाकडं करू नका. अमेरिकेत अधिकृत हँडिकॅप ठेवणाऱ्या पुरुषांची सरासरी १४च्या आसपास आहे, बायकांची २८च्या. त्यातही हँडिकॅप ठेवतात ते मुळात हौशी, नियमित खेळणारे लोक. जे कार्डच लिहीत नाहीत, किंवा दोन चेंडू पाण्यात गेले की मोजणं सोडून देतात, ते या सरासरीत येतच नाहीत. तेव्हा १४चा खेळाडू कागदावर सरासरी दिसला, तरी गोल्फ खेळणाऱ्या सगळ्या गर्दीत तो बराच पुढे उभा असतो.

आता ते ८८ आणि १०२. तुम्ही या दोन आकड्यांमधून एक कहाणी तयार केलीये: आधी जमलं, मग बिघडलं. मला तसं काही दिसत नाही. साधारण ९६ मारणाऱ्याचा स्कोअर चार-पाच फटके इकडेतिकडे होणं रोजचंच, आणि कधीमधी सात-आठ फटक्यांचाही फरक पडतो. एक ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) झाडाला लागून फेअरवेवर, म्हणजे छाटलेल्या गवताच्या पट्ट्यावर, परत येतो, दुसरा तसाच लागून पाण्यात जातो. दोन्ही वेळा स्विंग तोच असतो. म्हणून दोन कार्डांची तुलना कधी करू नका. वीस कार्डांची आधीच्या वीस कार्डांशी करा. तुमच्या वेगाने हे वर्षातून दोनदाच होईल. तेवढं पुरे.

हँडिकॅपची पद्धतही याच विचाराने बनली आहे. २०२० पासून जगभर जी एकच पद्धत चालते, तिच्यात शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगले ८ धरून त्यांची सरासरी काढतात. म्हणजे हँडिकॅप तुमचा नेहमीचा खेळ दाखवत नाही, तुमचे बरे दिवस दाखवतो. कोर्स रेटिंग ७१.५ आणि स्लोप १२५ (कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे) असलेला कोर्स धरला, तर १८.४ म्हणजे बऱ्या दिवशी ९२. तुमचं नेहमीचं कार्ड ९६ चं आहेच, हिशेब जुळतो. आता त्याच कोर्सवर एक अंकी काढून पाहू. ९.९ म्हणजे बऱ्या दिवशी साधारण ८२, आणि नेहमीचं कार्ड ८६ च्या आसपास. अनेकांना वाटतं, एक अंकी हँडिकॅपवाला दर रविवारी ७९ मारत असेल. नाही मारत. तोही ९१ मारून क्लबहाउसमध्ये गप्प बसतो, फक्त तो आपल्याला तेव्हा दिसत नाही.

म्हणजे तुम्हाला एक अंकीसाठी दहा फटके कमी करायचे आहेत, आणि नव्वदच्या आत येण्यासाठी सात. पहिल्या वर्षात तुम्ही सतरा केलेत, हे मला दिसतंय. पण ते सतरा कसले होते? चेंडू हुकणं, दोन फूट पुढे जाणं, बंकरमध्ये चार वेळा वाळू उपसणं. ते गेले, कारण ते जायलाच टपलेले होते. कुठलंही कौशल्य शिकताना सुरुवातीची घसघशीत वाढ अशीच मिळते आणि पुढे तेवढ्याच मेहनतीला कमी कमी फळ येतं. तुमची प्रगती थांबली असं मी म्हणणार नाही. फुकटचे फटके संपले आणि आता उरलेले विकत घ्यायचे आहेत. पण तुम्ही अजून तीच जुनी मेहनत करताय, ही खरी अडचण आहे.

तुमचं ९६ उघडून पाहू. पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२ असलेल्या कोर्सवर ९६ म्हणजे २४ ओव्हर. अशा कार्डावर साधारण काय असतं? समजा तीन पार, आठ बोगी (पारहून एक जास्त), पाच डबल बोगी (दोन जास्त) आणि दोन ट्रिपल (तीन जास्त). आठ, अधिक दहा, अधिक सहा: चोवीस. आता हेच कार्ड जरा बदलू. दोन्ही ट्रिपल आणि पाचपैकी तीन डबल, एवढे पाच होल बोगीवर आणले. पार तीनच ठेवले, बर्डी (पारहून एक कमी) एकही नाही. किती झाले? तेरा बोगींचे तेरा, उरलेल्या दोन डबलचे चार, एकूण १७ ओव्हर. स्कोअर ८९.

हा हिशेब मी खूप जणांसमोर मांडतो आणि बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना सुंदर फटके हवे असतात. कार्ड मात्र सुंदर फटक्यांनी फार कमी हलतं, पाच घाणेरडे होल साफ केले की सात फटके गळतात. तुम्हाला नव्वदच्या आत यायला आज आहेत त्यांहून जास्त एकही पार लागत नाही.

मग डबल आणि ट्रिपल येतात कुठून? पुढची दहा कार्डं लिहिताना स्कोअरशेजारी चार खुणा करा. एक, दंडाचा फटका. दोन, टीवरून (होल जिथून सुरू होतो तिथून) असा फटका की ज्यानंतर ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक गवताकडे) मारताच आलं नाही, आडवं बाहेर काढावं लागलं. तीन, ग्रीनपासून पन्नास यार्डांच्या आतून होल संपवायला तीनपेक्षा जास्त फटके. चार, थ्री-पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायला (पट करायला) तीन फटके लागणं. एवढंच. फेअरवे किती मिळाले, एकूण पट किती, हे मोजणारी ॲप आहेत, ती तूर्त बाजूला ठेवा. एकूण पट हा तर फारच फसवा आकडा आहे. ग्रीन चुकवून जवळ चिप (छोटा उचललेला फटका) करणाऱ्याचे पट कमी दिसतात आणि त्याला वाटतं आपण पटिंगचे राजे.

दहा कार्डांनंतर तुमच्या खुणा कुठे गोळा होतात ते तुम्हालाच दिसेल. माझी पैज टीवरच्या फटक्यावर आहे. आउट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेर) गेलेला एक चेंडू म्हणजे तुम्ही पुन्हा टीवर उभे आणि दंड धरून पुढचा फटका तिसरा. तिथून बोगी वाचवायला पार-चारवर तीन फटक्यांत होल संपवावा लागतो, जे तुमच्या पातळीला क्वचित होतं. त्यामुळे तो होल तिथेच डबल झालेला असतो, आणि रागाच्या भरात ट्रिपल होतो.

यावर उपाय म्हणून ड्रायव्हर बॅगेतून काढून टाका असं मी सांगणार नाही. लोक सांगतात, ते मला पटत नाही. लांबी कामाची असते. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या, आणि त्यांच्या पद्धतीवर आधारलेला पटिंगचा आकडा पीजीए टूर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) २०११ पासून वापरते. त्यांच्या हिशेबात चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो. पटिंगवरच सगळं ठरतं असं जे जुने लोक सांगत आले, ते आकड्यांनी खोडून काढलं. तेव्हा ड्रायव्हर राहू द्या, पण नेम बदला. तुमचे शेवटचे वीस ड्राइव्ह कुठे पडले ते डोळ्यांसमोर आणा. सर्वांत डावीकडच्यापासून सर्वांत उजवीकडच्यापर्यंत जो पट्टा होतो, तो तुमचा खरा फटका. मधला एकुलता एक सरळ चेंडू हा तुमचा फटका नव्हे. आता टीवर उभं राहून तो अख्खा पट्टा खेळण्याजोग्या जागेत बसेल असा नेम धरा. उजवीकडे पाणी असेल तर डाव्या रफच्या (वाढलेल्या गवताच्या) कडेवर. फेअरवेच्या मधोमध नेम धरायचा असा काही नियम नाही. आणि पट्टा कुठेच बसत नसेल, तेव्हाच हायब्रिड (ड्रायव्हरहून आखूड, सांभाळायला सोपा क्लब) काढा.

ग्रीनकडे मारतानाही हेच. टूरवरचे व्यावसायिक दीडशे यार्डांवरून फेअरवेवर असताना सरासरी होलपासून सुमारे २५ फुटांवर चेंडू टाकतात. जगातले सर्वोत्तम लोक, २५ फूट. आणि आपण काठावर लावलेल्या झेंड्यावर थेट नेम धरतो, बंकरमध्ये जातो आणि स्विंगला शिव्या घालतो. ग्रीनच्या मध्यावर मारा. एक पायरी लांब मारणारा क्लब घ्या (सातऐवजी सहा नंबर), कारण आपण सगळेच आपली लांबी एकदा कधीतरी अगदी मधोमध बसलेल्या फटक्यावरून ठरवतो. तुमच्या सात नंबर आयर्नने (लोखंडी क्लबने) चेंडू एकदा दीडशे यार्ड गेला असेल. रोज किती जातो?

पटबद्दलही थोडं डोकं थंड ठेवा. आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडूसुद्धा निम्मेच पट घालतात. तुमचा आठ फुटी पट हुकला तर ती चूक नाही, ते गणित आहे. तुमचे थ्री-पट आठ फुटांवरून होत नाहीत, चाळीस फुटांवरून पहिला पट सात फूट कमी पडतो म्हणून होतात. तिथे रेषा वाचण्यापेक्षा वेग महत्त्वाचा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारतो: कुठल्या टीवरून खेळता? सोबतचे मागच्या टीवरून खेळतात म्हणून तुम्हीही? एक जुना ठोकताळा आहे. तुमचा पाच नंबर आयर्न रोज जितका जातो, त्याला ३६ ने गुणा. तेवढ्या लांबीचा कोर्स तुमच्यासाठी. दीडशे यार्ड असेल तर ५४०० यार्ड. तुम्ही ६५०० वरून खेळत असाल तर प्रत्येक पार-चारवर दुसरा फटका लांब पल्ल्याच्या ‘वुड’ क्लबने मारताय, आणि आयर्नचा खेळ शिकायची संधीच मिळत नाहीये. पुढच्या टीवर आल्याने हँडिकॅप आपोआप खाली येणार नाही हे सांगून ठेवतो, कारण प्रत्येक टीचं रेटिंग वेगळं असतं आणि हिशेबात ते धरलं जातं. म्हणूनच त्यात लबाडीही नाही. पण खेळ बदलतो, आणि निर्णय घ्यायला शिकता येतं.

आता ते तीन तास. रेंजवर एकामागून एक पन्नास ड्राइव्ह मारले की शेवटचे वीस झकास जातात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. हा आनंद खोटा असतो. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवलं की एकच हालचाल सलग घोटणारे सरावात चांगले दिसतात, पण नंतर परीक्षा घेतली की हालचाली आलटूनपालटून करणारे पुढे जातात. कोर्सवर तुम्हाला एकच फटका सलग दुसऱ्यांदा कधी मारायला मिळतो? आउट ऑफ बाउंड्स गेल्यावर, तेवढाच. म्हणून रेंजवरचा एक तास असा काढा: चाळीसच चेंडू, दर चेंडूला क्लब वेगळा, लक्ष्य वेगळं, आणि दर वेळी मागे येऊन पुन्हा उभं राहायचं. कंटाळवाणं आहे, वाईट फटके जास्त दिसतील, चालू ठेवा. चटईवर मारत असाल तर एक सावधगिरी: क्लब चेंडूच्या मागे जमिनीला लागला तरी चटईवरून घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच फटका तीस यार्ड कमी पडतो. जमेल तेव्हा गवतावर मारा आणि ओरखडा चेंडूच्या पुढे पडतोय का ते बघा. माझ्या मते तुमच्या पातळीच्या खेळाडूला आयर्नबद्दल शिकायची सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

दुसरा तास लांब पट आणि चार फुटांचे पट. तिसरा तास ग्रीनभोवती, एकाच वेजने (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबने), एकच चेंडू घेऊन: चिप करा आणि तो होलमध्ये जाईपर्यंत खेळा. तीनमध्ये संपला तर ठीक, चार लागले तर तीच खूण, जी तुम्ही कार्डावर करताय.

नेल्सनचं उदाहरण दिलंत, ते खरं आहे. तो व्हिएतनामहून परतल्यावर खेळू लागला आणि पुढे १९८१ व १९८७ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि १९८३ ची यूएस ओपन जिंकला. पण त्याने आयुष्यातल्या पहिल्याच राउंडमध्ये शंभरच्या आत स्कोअर केला होता आणि नऊ महिन्यांत सत्तरच्या आत. तुम्ही ११८ पासून सुरुवात केलीत. तो आपला नातेवाईक नव्हे.

तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारं उदाहरण डॅन मॅकलॉक्लिनचं आहे. अमेरिकेतला हा छायाचित्रकार २०१० मध्ये तिसाव्या वर्षी काम सोडून दहा हजार तास गोल्फचा सराव करायला निघाला. खेळाचा अनुभव जवळजवळ शून्य. तो २.६ हँडिकॅपपर्यंत पोहोचला. मग साधारण सहा हजार तासांनंतर पाठीच्या दुखण्याने थांबला. लोक यातून आपल्याला हवं ते काढतात: कुणी म्हणतं बघा, सामान्य माणूस कुठवर जातो, कुणी म्हणतं बघा, तरी व्यावसायिक झाला नाहीच. मला त्यातली किंमत दिसते. रोजचं पूर्णवेळ काम म्हणून गोल्फ, चांगलं मार्गदर्शन, तिशीतलं अंग, आणि तरी शेवट पाठीने केला. तुमचे आठवड्याचे तीन तास म्हणजे वर्षाला दीडशे. रविवारचे राउंड धरले तरी दोन वर्षांत हजारही होत नाहीत. त्या हिशेबात ९६ वरून ८९ हा उत्तम सौदा आहे.

वयाचं म्हणाल तर त्रेचाळीस हे गोल्फमध्ये कारण होत नाही. पन्नाशीनंतर वेग हळूहळू कमी होतो, हे खरं. त्यावर आत्ताच काम करता येतं: पाय, कंबर आणि पाठीची ताकद वाढवणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा. क्लबचा वेग ताशी एक मैल वाढला की ड्राइव्ह साधारण अडीच यार्ड लांब जातो. वाढ छोटीच असते, पण त्याच व्यायामाने पाठही शाबूत राहते, आणि तुमच्या वयात माझ्या दृष्टीने ते जास्त मोलाचं.

राहिला प्रशिक्षकांचा प्रस्ताव. मुळापासून बदल करायला मी तुम्हाला आत्ता सांगणार नाही. रविवारचा राउंड चालू ठेवून, आठवड्याला तीन तासांत नवा स्विंग बसवायचा म्हणजे वर्षभर जुना आणि नवा यांची खिचडी होईल, आणि ९६ चं १०३ होईल. पण प्रशिक्षक सोडूही नका. एकट्याने सराव करणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, त्याला फक्त चेंडू दिसतो. खुणा केलेली ती दहा कार्डं घेऊन त्यांच्याकडे जा. टीवरचे फटके उजवीकडे वळून जात असतील तर त्यांना ते दाखवा. चेंडू सुरुवातीला मुख्यतः क्लबचं तोंड जिकडे असतं तिकडे निघतो आणि तोंड व स्विंगची दिशा यांच्या फरकामुळे वळतो, म्हणून अनेकदा नुसती ग्रिप आणि उभं राहणं बदलून तो वळसा निम्मा होतो. त्यांना विचारा: यांतला कुठला एक वाईट फटका आपण सहा महिन्यांत घालवू शकतो, आणि त्यासाठी मी कुठली एकच गोष्ट बदलू? चांगल्या प्रशिक्षकाला हा प्रश्न आवडतो. तुमच्यांना आवडला नाही, तर दुसऱ्या एखाद्याला तीच दहा कार्डं दाखवून पाहा.